खैर मागायची होती, आपण खबर मागत बसलो

मागच्या रमजानच्या आधीची गोष्ट. माझ्या भाचीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झालेली, जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात नोकरी करते. मुलगा डिप्लोमा झालेला. दोन्ही घरं एकमेकांच्या माहितीतली. मुलाची आई आणि फुफू घरी येऊन गेल्या. चहा झाला, जेवण झालं. मुलगी पसंत आहे असं तोंडावर सांगून, पुढच्या जुम्याला मिठाई घेऊन येतो म्हणून गेल्या. जुम्याच्या आदल्या दिवशी माझ्या बहिणीला फोन आला, "आपा, बुरा मत मानो, इस्तिखारे में काला आया."

इस्तिखारा केला कुणी होता? मुलानं नाही. त्याच्या आईनंही नाही. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या एका आमिलसाहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर मुलीचं नाव आणि तिच्या आईचं नाव पाठवलं गेलं होतं, सोबत ५०१ रुपये हदिया. त्यांनी माझ्या भाचीला कधी पाहिलेलं नाही, तिचा आवाज ऐकलेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा व्हॉइस मेसेज आला आणि विषय संपला.

खरं तर संपला नाही. आमच्यासारख्या गावात अशी गोष्ट चार भिंतींत राहत नाही. पुढची दोन स्थळं दारापर्यंत न येताच परत गेली. "उस लडकी का इस्तिखारा खराब है" एवढं वाक्य मोहल्ल्यात फिरायला पुरेसं होतं. त्या दिवसांत भाचीनं मला एक प्रश्न विचारला. "मामू, त्यांच्या इस्तिखाऱ्यात मी काळी आले म्हणतात. म्हणजे अल्लाहनं त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलं? जे मला माहीत नाही असं काय आहे माझ्यात?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. तिला तर आहेच, पण ज्या घरांतून असे फोन जातात त्या सगळ्या घरांनाही आहे.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागेल, कारण सगळी गडबड शब्दाचा अर्थ हरवल्यामुळे झाली आहे. आज आपल्या घरांमध्ये 'इस्तिखारा' हा शब्द 'पुढचं कळणं' या अर्थानं वापरला जातो. इस्तिखारा 'काढतात', तो 'चांगला येतो' किंवा 'खराब येतो', परीक्षेचा निकाल यावा तसा. या अर्थाचा मूळ शब्दाशी काडीचा संबंध नाही.

अरबी भाषेत शब्द बहुधा तीन अक्षरांच्या धातूवर उभे राहतात. इस्तिखाऱ्याचा धातू आहे ख-य-र. त्यातूनच 'खैर' आला, म्हणजे भलं, चांगलं. हा शब्द मराठीला परका नाही. "आज तुझी खैर नाही" असं दरडावणारे आणि "खैरात वाटली का?" असं विचारणारे मराठी लोक याच धातूचे शब्द बोलत असतात. आता त्या धातूला पुढे 'इस्त' जोडला की बहुतेक वेळा अर्थ होतो 'ते मागणं'. इस्तिगफार म्हणजे मगफिरत मागणं, क्षमा मागणं. इस्तिस्का म्हणजे पाणी मागणं. त्याचा धातू तोच, ज्यातून 'साकी' हा शब्द आला. त्याच चालीवर इस्तिखारा म्हणजे खैर मागणं, भलं मागणं. बस्स, एवढाच अर्थ.

इस्तिस्काचं उदाहरण जरा डोळ्यांसमोर आणा. दुष्काळाच्या साली मराठवाड्यात, सोलापुरात ईदगाहच्या मैदानात लोक जमतात आणि नमाज-ए-इस्तिस्का पढतात. रडून रडून पाऊस मागतात. नमाज संपल्यावर कुणी इमामांना विचारतो का, की बोला, पाऊस कोणत्या तारखेला पडणार? कुणी म्हणतो का, की इस्तिस्का 'खराब आला', यंदा पेरणी करू नका? नाही म्हणत. कारण मागणं वेगळं आणि हवामानाचा अंदाज वेगळा, हे तिथे प्रत्येकाला कळतं. मग त्याच साच्यातला शब्द इस्तिखारा, तो लग्नाच्या बैठकीत आला की एकदम वेधशाळा कसा होतो?

अरबीत 'खबर' या शब्दाचा धातू आहे ख-ब-र. त्यालाही 'इस्त' लागतो आणि शब्द होतो 'इस्तिखबार', म्हणजे माहिती काढणं, खबर मिळवणं. आजच्या अरबीत गुप्तहेर खात्याला इस्तिखबारात म्हणतात. दोन धातूंमध्ये फरक फक्त एका अक्षराचा, 'य' च्या जागी 'ब'. आपण तेवढंच केलं आहे. तोंडानं इस्तिखारा म्हणतो आणि करतो इस्तिखबार. खैर मागायची होती, आपण खबर मागत बसलो. तीही कुणाकडून, तर हदिया घेऊन खबर देणाऱ्याकडून.

आता ही दुआ काय आहे ते पाहू. सहीह बुखारीत हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची रिवायत आहे. ते सांगतात की प्रेषित (स.) आम्हाला सर्व कामांसाठी इस्तिखारा असा शिकवत, जसा कुरआनातला सूरह शिकवत. पद्धत सोपी आहे. एखाद्या कामाचा इरादा झाला की फर्जव्यतिरिक्त दोन रकात नमाज पढायची आणि मग दुआ करायची. दुआचा आशय असा, की हे काम माझ्या दीनसाठी, रोजीसाठी आणि शेवटासाठी चांगलं असेल तर ते माझ्यासाठी ठरव आणि सोपं कर. वाईट असेल तर ते माझ्यापासून दूर कर आणि मलाही त्याच्यापासून दूर कर. आणि भलं जिथे असेल तिथे ते मला दे, त्यावर मला राजी ठेव.

या हदीसमध्ये काय नाही ते मोजा. झोप नाही. स्वप्न नाही. पांढरा-हिरवा म्हणजे होकार, काळा-लाल म्हणजे नकार, हा रंगांचा तक्ता नाही. आईचं नाव नाही. अक्षरांची बेरीज-वजाबाकी नाही. मध्ये कुणी माणूस नाही, आणि हदियाही नाही.

उलट जे आहे ते आपल्या समजुतीच्या अगदी विरुद्ध आहे. दुआ करणारा कबूल करतो की तुला माहीत आहे, मला माहीत नाही, गैबचं ज्ञान तुझ्याकडे आहे. 'गैब' म्हणजे जे नजरेआड आहे ते. मराठीतला 'गायब' त्याच धातूचा. म्हणजे इस्तिखाऱ्याचा पायाच 'मला पुढचं कळत नाही' या कबुलीवर आहे. ज्या दुआत माणूस आपलं अज्ञान कबूल करतो, तीच दुआ आपण ज्ञानाचा दाखला म्हणून फिरवतो!

गैबबद्दल कुरआन किती स्पष्ट आहे, हे आपल्या मदरशात शिकलेलं पोरही सांगेल. गैबच्या किल्ल्या अल्लाहकडेच आहेत (६:५९). उद्या आपण काय कमावणार आणि कोणत्या भूमीत मरणार, हे कुणालाही माहीत नाही (३१:३४). आणि ७:१८८ मध्ये खुद्द प्रेषितांना (स.) असं सांगायला लावलं आहे, की मला गैब माहीत असतं तर मी पुष्कळ खैर गोळा केली असती आणि मला काही त्रास झालाच नसता. नीट पाहा, गैब आणि खैर हे दोन्ही शब्द त्या एकाच आयतीत आहेत, आणि त्यांच्यात अंतर ठेवलेलं आहे. इल्म-ए-गैबवरून आपल्याकडे बरेलवी-देवबंदी वाद जुना आहे, त्यात मला शिरायचं नाही. तो वाद अल्लाहनं आपल्या रसूलला किती दिलं याचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आमिलला गैब माहीत आहे, असं दोन्हींपैकी कुणाच्याही अकीद्यात लिहिलेलं नाही.

आता थोडा इतिहास. इस्लामपूर्व अरबस्तानात पुढचं जाणून घ्यायची एक पद्धत होती. पिसं न लावलेले बाण असत, त्यांना अझलाम म्हणत. तफसीरकारांनी वर्णन केलं आहे की एका बाणाचा अर्थ 'माझ्या रबनं हुकूम दिला', दुसऱ्याचा 'माझ्या रबनं मना केलं' आणि तिसरा कोरा. कोरा निघाला की पुन्हा काढायचा. प्रवास, व्यापार, लग्न, सगळ्यासाठी बाण. मक्केत हे बाण हुबल या मूर्तीपाशी असत. इब्ने इसहाकनं नोंदवलं आहे की कुणाचं लग्न ठरवायचं असलं, कुणाच्या वंशाबद्दल शंका आली, तर लोक शंभर दिरहम आणि एक उंट घेऊन बाण काढणाऱ्याकडे जात.

कुरआननं ही प्रथा हराम केली (५:३, ५:९०). तिला जो शब्द वापरला आहे तो धातू क-स-म मधून येतो, म्हणजे वाटा. आपली 'किस्मत' त्याच धातूची. बाणांनी आपला वाटा शोधणं म्हणजे 'इस्तिक्साम'. मक्का ६३० साली जिंकली, तेव्हा काबागृहात हजरत इब्राहीम आणि हजरत इस्माईल यांच्या प्रतिमांच्या हातात हे बाण दाखवलेले प्रेषितांनी (स.) पाहिले आणि संताप व्यक्त केला, की या दोघांनी असे बाण कधीच काढले नव्हते. हेही बुखारीतच आहे.

इब्ने कय्यिमसारख्या आलिमांनी म्हणूनच लिहिलं, की जाहिलियतच्या काळातल्या बाणांच्या आणि पक्ष्यांच्या शकुनाच्या बदल्यात उम्मतला इस्तिखारा दिला गेला. किस्मत विचारण्याची जागा खैर मागण्यानं घेतली. चौदाशे वर्षांनंतर आपण तो व्यवहार उलटा केला आहे. नाव इस्तिखाऱ्याचं ठेवलं आणि आत पुन्हा बाण आणून ठेवले. पांढरा म्हणजे 'रबनं हुकूम दिला', काळा म्हणजे 'रबनं मना केलं'. शंभर दिरहम आणि उंटाच्या ऐवजी ५०१ रुपये, गूगल पेनं. स्वस्त झालं, एवढीच काय ती प्रगती.

आपण हिंदू शेजाऱ्यांना हसतो. पत्रिका, मंगळ, छत्तीस गुण यांवर आपल्याकडे किती विनोद होतात! कोकणात देवळात कौल लावतात त्यावरही आपण मान हलवतो. तो 'कौल' हा शब्दही अरबीच आहे बरं का, क-व-ल, म्हणजे बोलणं, शब्द देणं. पण निदान त्यांच्या पत्रिकेला जन्मवेळ तरी लागते. आपल्याला आईचं नाव पुरतं. ज्या घरात मंगळ मानत नाहीत, त्या घरानं माझ्या भाचीला मंगळ लावून ठेवला आहे आणि तिची शांत करायची सोयही ठेवलेली नाही.

माझ्याशी यावर वाद घालणारे तीन मुद्दे मांडतात. तिन्हींचं उत्तर देतो.

पहिला मुद्दा, खरी स्वप्नं असतातच ना? हजरत यूसुफ यांचं स्वप्न कुरआनात आहे. आहे, आणि मी ते मानतो. पण चांगलं स्वप्न ही ज्याला पडलं त्याच्यासाठी खुशखबर असते. ती दुसऱ्याच्या मुलीविरुद्धची साक्ष नसते. हजरत यूसुफ यांच्या वडिलांनी तर स्वप्न भावांनाही सांगू नकोस असं बजावलं होतं. आपण ते मोहल्लाभर सांगतो.

दुसरा मुद्दा, मोठे लोक दुसऱ्याकडून इस्तिखारा करवून घेत आले आहेत, चूक काय? दुसऱ्याला दुआ करायला सांगण्यात चूक नाही. दुसऱ्याकडून निकाल मागण्यात आहे. आणि लग्नाच्या बाबतीत तर आपल्यासमोर नमुना आहे. सहीह मुस्लिममध्ये आहे की हजरत जैनब बिन्ते जहश यांच्याकडे प्रेषितांचा (स.) लग्नाचा पैगाम आला, तेव्हा त्या म्हणाल्या की माझ्या रबशी मसलत केल्याशिवाय मी काही करणार नाही, आणि उठून आपल्या नमाजच्या जागी गेल्या. पैगाम खुद्द रसूलचा, तरी बाई स्वतः उठून स्वतःचा इस्तिखारा करते. आणि आपल्याकडे? जिचं लग्न आहे तिला कुणी विचारत नाही, ज्याचं लग्न आहे तोही झोपलेला. जागा फक्त आमिल. (शिया बांधवांमध्ये तस्बीहवर किंवा कुरआन उघडून इस्तिखाऱ्याची रीत आहे. त्यांचा फिकह वेगळा, त्याबद्दल बोलणं माझं काम नाही. मी माझ्या घराबद्दल बोलतो आहे.)

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. नकार द्यायचा हक्क मुलाकडच्यांना आहे की नाही? शंभर टक्के आहे. मुलगी सावळी वाटली, उंची कमी वाटली, नोकरी करणारी सून नको वाटली, तरी तो त्यांचा निर्णय. मला पटणार नाही, पण ती त्यांची जबाबदारी. माझी तक्रार नकाराबद्दल नाही. नकार तुमचा आणि खाली सही अल्लाहची, याबद्दल आहे. "आम्हाला जमत नाही" असं म्हणायला हिंमत लागते, समोरच्याचा राग सहन करावा लागतो. "अल्लाहकडून नाही आलं" म्हटलं की राग कुणावर करणार? ही सोय झाली, इबादत नाही. आणि त्या सोयीची किंमत एक मुलगी देते, जिला वाटत राहतं की खुद्द अल्लाहनं आपल्याविरुद्ध काही सांगितलं आहे.

इथे ख-य-र या धातूचा अजून एक मराठी नातेवाईक आठवतो. 'इख्तियार' म्हणजे निवडण्याचा अधिकार. त्याचाच मराठीत 'अखत्यार' झाला. "हे माझ्या अखत्यारीत नाही" असं सरकारी कचेरीत आपण रोज ऐकतो. निवडण्याचा अधिकार ज्याला दिला तो 'मुखत्यार', आणि जमिनीच्या व्यवहारात लागतं ते 'कुलमुखत्यारपत्र'. खैर आणि अखत्यार एकाच घरचे. म्हणजे खैर मागणाऱ्यानं आपला अखत्यार सोडायचा नसतो. निवड त्याची, भलं देणारा अल्लाह. आपण मात्र आमिलला आपलं कुलमुखत्यारपत्र लिहून दिलं, आणि आमिल अल्लाहच्या नावानं सह्या करतो. अल्लाहनं त्याला कोणतं मुखत्यारपत्र दिलं आहे, ते दाखवा.

कुणी म्हणेल, मग निर्णय घ्यायचा कसा? त्यासाठीही शब्द आहे, इस्तिशारा, म्हणजे मशवरा मागणं. उहुदच्या आधी प्रेषितांनी (स.) साथीदारांना विचारलं, शहरात राहून लढायचं की बाहेर पडायचं. अनेकांच्या मतानुसार बाहेर पडले. लढाईत मोठं नुकसान झालं. त्यानंतर उतरलेल्या आयतींमध्येच हुकूम आहे की त्यांच्याशी मशवरा करत जा, आणि ठरलं की अल्लाहवर भरवसा ठेव (३:१५९). मशवऱ्याचा शेवट कडू झाला, तरी मशवरा बंद करा असं सांगितलं नाही. शाममध्ये प्लेगची साथ आल्याचं कळलं तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनीही वाटेत थांबून मुहाजिर, अन्सार, कुरैशचे वडीलधारे अशा सगळ्यांना विचारलं आणि माघारी फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असा आक्षेप आला. त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे, की आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. कुणी बाण काढले नाहीत. कुणी रंग पाहिले नाहीत.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. आमच्याच नात्यातल्या एका मुलीचा इस्तिखारा 'हिरवागार' आला होता. त्या आनंदात कुणी चौकशी केली नाही. मुलगा काय करतो, कुठे राहतो, कुणाबरोबर उठतो-बसतो, काही नाही. अल्लाहनंच होकार दिल्यावर चौकशी करणं म्हणजे ईमानची कमजोरी! आठ महिन्यांत मुलगी बापाच्या घरी परत आली. मुलाचं पिणं अख्ख्या गल्लीला माहीत होतं. विचारायला एक चक्कर पुरली असती. आमिलसाहेब तेव्हा म्हणाले, "तकदीर का लिखा कौन टाले." काळा आला तर ते जाणकार, हिरवा चुकला तर तकदीर जबाबदार.

डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा भोंदूला पकडेल. पण "अल्लाहकडून नाही आलं" हे सभ्य वाक्य कोणतं पोलीस ठाणं पकडणार? ते आपल्यालाच पकडावं लागेल, बैठकीत, फोनवर, तिथल्या तिथे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. मौलानांनी जुम्याच्या बयानात एकदा ही दुआ अर्थासह सांगावी, आणि इस्तिखारा 'निघत' नाही हे स्पष्ट बोलावं. ज्यांच्या घरी लग्नाची बोलणी चालू आहेत त्यांनी आधी चौकशी करावी, मशवरा करावा, मग ज्याचं लग्न आहे त्यानं आणि जिचं लग्न आहे तिनं स्वतः दोन रकात पढून भलं मागावं. आणि नकार द्यायचा असेल तर आपल्या नावानं द्यावा.

माझ्या भाचीला उत्तर द्यायचं राहिलं आहे. बेटा, अल्लाहनं त्यांना तुझ्याबद्दल काहीही सांगितलेलं नाही. एका माणसानं ५०१ रुपये घेतले आणि एक शब्द उच्चारला. तुझ्यात काय आहे ते अल्लाहला माहीत आहे, आणि त्यानं ते कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं नाही. ती नमाज तुझी आहे. पुढचं स्थळ आलं की ती तू पढ, आणि मुलाची चौकशी करायला मी जातो.